दौलताबादची द्राक्षे, शिराझ आणि काळाची कसोटी

दौलताबादचे नाव निघाले की देवगिरीचा तासलेला डोंगर, चांद मिनार आणि महंमद तुघलकाने दिल्लीहून हलविलेली राजधानी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. शालेय इतिहासाची पुस्तके त्यापलीकडे फारशी जात नाहीत. परंतु या गावाला आणखी एक इतिहास आहे. तो राजांचा नाही, वेलीचा आहे. दख्खनच्या पठारावरील द्राक्षांविषयी जे जुने लेखी उल्लेख सापडतात, त्यांत दौलताबादचे स्थान मानाचे आहे.

द्राक्षांचा विषय एका धर्मगुरूने का हाताळावा, असे काही वाचकांच्या मनात येईल. गव्हाची भाकर आणि द्राक्षारस यांवाचून मिस्साबली अर्पण होऊ शकत नाही. रोज सकाळी चषकात द्राक्षारस ओतणाऱ्याने तो कोठून येतो, कसा टिकतो आणि केव्हा बिघडतो हे जाणून घेणे हा त्याच्या सेवेचाच भाग आहे. दुसरे कारण अधिक घरगुती आहे. गेल्या पंचवीस वर्षांत नाशिकच्या वाईनने आपल्या काही कुटुंबांतही प्रवेश केला आहे. लग्नाच्या वाढदिवसाला किंवा नाताळात कोणी शिराझची एखादी बेताच्या किमतीची बाटली भेट देतो. मग ‘राहू द्या, जुनी होईल तेवढी चांगली’ असे म्हणून ती कपाटात ठेवली जाते आणि वर्षानुवर्षे तेथेच राहते. हा समज कितपत खरा आहे? प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर शोधताना आम्हांला इतिहासातील बराच मोठा पल्ला चालावा लागला. तो वाचकांच्या सोबतीने पुन्हा एकदा चालावा, म्हणून हा लेख.

वर्षातून दोनदा फळणारी वेल

यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला आपली राजधानी केले. पुढे १३२७ साली महंमद तुघलकाने याच देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन आपल्या साम्राज्याचे ठाणे येथे आणले. त्याचा तो बेत फसला, दिल्लीची माणसे दिल्लीला परतली. परंतु त्या धामधुमीत उत्तरेकडचे आणि इराण, खुरासानकडचे अनेक लोक दख्खनमध्ये आले व काही येथेच स्थिरावले. त्यांच्याबरोबर त्यांच्या आवडीनिवडी आल्या, फळबागांचे शौकही आले.

या काळाचा एक मोलाचा साक्षीदार म्हणजे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे जाण्यासाठी तो १३४२ च्या सुमारास दिल्लीहून दक्षिणेकडे निघाला आणि वाटेत दौलताबादला थांबला. येथील मराठ्यांविषयी, बाजारपेठेविषयी आणि किल्ल्यातील तुरुंगाविषयी त्याने लिहून ठेवले आहे. त्याबरोबरच या मुलखात द्राक्षे व डाळिंबे होतात आणि त्यांचे पीक वर्षातून दोनदा घेतले जाते, अशीही नोंद त्याने केली आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट नवलाची वाटावी, हे स्वाभाविक होते. त्याच्या देशात वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते, वसंतात जागी होते आणि शरद ऋतूत एकदाच फळ देते.

दख्खनमध्ये वेलीला झोप आणणारी थंडीच नाही. येथे छाटणी केली की वेल फुटते. म्हणून वर्षातून दोन बहार घेणे शक्य होते. पण त्यातला पावसाळ्यात पिकणारा बहार आंबट आणि रोगट निघे. आजचा बागाईतदार शहाणपणाने वागतो. एप्रिलमध्ये तो खरड छाटणी करतो, ती केवळ काडी तयार करण्यासाठी. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करतो, ती फळासाठी. मग जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत द्राक्षे उतरविली जातात. थोडक्यात, दोन पिके देऊ शकणाऱ्या वेलीकडून तो एकच घेतो, म्हणून ते एक गोड निघते. छाटणीवाचून फळ नाही, ही शुभवर्तमानातील शिकवण मराठवाड्याच्या आणि नाशिकच्या शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

हबशी, फकडी, साहेबी, भोकरी अशी दख्खनच्या जुन्या बागांतील द्राक्षांची नावे होती. ही सारी खाण्याची द्राक्षे. ज्या शिराझविषयी आपण बोलणार आहोत ती जात येथे फार अलीकडे आली. मात्र शिराझ हे नाव दख्खनला अपरिचित नव्हते.

शिराझ: एका नावाचा प्रवास

शिराझ हे इराणमधील प्राचीन नगर. गुलाबांसाठी, कवींसाठी आणि द्राक्षांसाठी त्याची ख्याती होती. १३४७ साली दौलताबादेतच अल्लाउद्दीन हसन बहमन शहाला राज्याभिषेक झाला आणि बहमनी राजवट सुरू झाली. या घराण्याच्या दरबारात इराणी विद्वानांना मोठा मान होता. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, बहमनी सुलतानाने शिराझच्या हाफिज कवीला दख्खनमध्ये येण्याचे निमंत्रण व वाटखर्च पाठविला होता. हाफिज होर्मूझ बंदरापर्यंत आला, जहाजावरही चढला. पण समुद्र खवळलेला पाहून त्याने बेत बदलला आणि तो घरी परतला. शिराझचा कवी दख्खनला येता येता राहिला. सहाशे वर्षांनी त्याच्या गावाचे नाव येथे आले ते बाटलीवरच्या चिठ्ठीवर.

नाव इराणचे असले तरी द्राक्ष इराणचे नाही. फ्रान्समध्ये या द्राक्षाला ‘सिरा’ म्हणतात आणि ऱ्होन नदीच्या काठी ते पूर्वापार पिकते. त्या काठावर ‘एर्मिताज’ म्हणजे आश्रम या नावाची टेकडी आहे. तेराव्या शतकात युद्धाला विटलेला एक सरदार तेथे एकांतवासात राहिला, त्याने संत ख्रिस्तोफरच्या देवळाजवळ वेली लावल्या, अशी कथा आहे. तो किंवा दुसरा कोणी क्रुसेडवीर हे रोप इराणहून घेऊन आला, असेही पुष्कळ काळ सांगितले जाई. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया आणि मोंपेलिए येथील शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून या वेलीचे आईबाप शोधून काढले. दोघेही फ्रान्सचेच निघाले. एक ‘द्युरेझा’, हे आर्देश भागातील काळे द्राक्ष. दुसरे ‘मोंद्यूझ ब्लांश’, हे सॅव्हॉय प्रांतातील पांढरे द्राक्ष.

सॅव्हॉय हे नाव वाचताच औरंगाबाद धर्मप्रांतातील जुन्या कुटुंबांचे कान टवकारले पाहिजेत. सॅव्हॉयमधील ॲनसी या गावी १८३८ साली फादर पीटर मेर्मिए यांनी सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापन केला. याच संघाचे धर्मगुरू नागपूरहून पुढे सरकत १८९० च्या दशकात घोगरगावला आले आणि गोदावरीच्या खोऱ्यात त्यांनी श्रद्धेचे बी पेरले. त्या पेरणीतूनच पुढे गावोगावचे धर्मग्राम उभे राहिले आणि १९७७ साली औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. तेव्हा ज्या डोंगराळ मुलखातून आपल्या पूर्वजांना सुवार्ता सांगणाऱ्या संघाचा उगम झाला, त्याच मुलखातील वेल शिराझ द्राक्षाची आई आहे. या योगायोगाचा वाजवीपेक्षा जास्त अर्थ लावू नये. पण तो ठाऊक असावा.

फ्रान्सचा सिरा जगाचा शिराझ झाला तो ऑस्ट्रेलियात. जेम्स बझ्बी नावाच्या गृहस्थाने १८३१ साली स्पेन व फ्रान्समध्ये हिंडून वेलींच्या काड्या गोळा केल्या आणि त्या सिडनीला पोहोचविल्या. त्यांत ही जातही होती. तेथे ती अशी रुजली की आज तो देश आणि शिराझ ही नावे जोडीने घेतली जातात. या कहाणीत येशूसंघीयांचाही वाटा आहे. १८४८ साली फादर अलॉयसियस क्रानेविटर हे ऑस्ट्रियाचे येशूसंघीय धर्मगुरू सायलेशियाच्या कॅथोलिक स्थलांतरितांबरोबर दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरले. १८५१ मध्ये त्यांनी क्लेअर परिसरात सेव्हनहिल येथे द्राक्षमळा लावला. उद्देश एकच होता, मिस्सासाठी द्राक्षारस मिळावा. त्या मळ्यात व त्याच्या दगडी तळघरात ब्रदरांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले. आज तेथे वेदीसाठीचा द्राक्षारस बनतो आणि उत्तम शिराझही बनते.

महाराष्ट्रात वाईनच्या द्राक्षांची पद्धतशीर लागवड नारायणगावला १९८० च्या दशकात आणि नाशिकला १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क झाले. त्यानंतर शिराझ ही जात येथील काळ्या द्राक्षांत अग्रक्रमाने लावली गेली. आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू.

बाटलीत काय घडते?

काळ्या द्राक्षाचा रस मुळात जवळजवळ रंगहीन असतो. रंग येतो तो सालीतून. साल, बिया आणि रस एकत्र आंबत असताना सालीतील रंगद्रव्य आणि जिभेला आवळणारे, चहाच्या चोथ्यासारखे तुरट द्रव्य रसात उतरते. या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात. शिराझची साल गडद असते, म्हणून तिची ताजी वाईन जांभळ्या शाईसारखी दिसते. वासाला ती पिकलेल्या जांभळाची व करवंदाची आठवण देते आणि त्यात काळ्या मिरीचाही झणका असतो. हा झणका कल्पनेतला नाही. मिरीत जे सुगंधी द्रव्य असते तेच शिराझमध्येही आहे, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले.

बाटली बंद झाली म्हणजे आतील हालचाल थांबली असे नाही. बुचातून आणि बाटलीच्या मानेतील पोकळीतून अगदी थोडा प्राणवायू रसाला मिळत राहतो. रंगद्रव्ये आणि टॅनिन यांचे कण एकमेकांना धरू लागतात, लांब साखळ्या बनवितात. साखळी फार जड झाली की ती तळाशी बसते. जुन्या बाटलीत दिसणारा गाळ तो हाच. तो बिघाड नव्हे. रंग आणि तुरटपणा असा उतरत गेल्याने जांभळा रस प्रथम माणकासारखा लाल, मग विटकरी, शेवटी तपकिरी होतो. जिभेवरचा आवळ मऊ होतो. ताज्या फळाचा वास मागे पडून सुके अंजीर, खजूर, तंबाखू, चामडे असे वास पुढे येतात.

हे सारे बदल चांगले की वाईट? येथेच खरी मेख आहे. रस म्हातारा होत असताना ताजेपणा जातोच. त्याच्या जागी दुसरे काही यावे लागते. ते येण्यासाठी मुळात भरपूर टॅनिन, भरपूर आम्लता आणि भरपूर फळाचा अर्क असावा लागतो. कमी उत्पन्न देणाऱ्या जुन्या वेली, दीर्घकाळ सालीसह आंबविणे, ओकच्या पिंपात वर्षदीडवर्ष ठेवणे यांनी ती पुंजी जमते आणि त्यानेच किंमतही वाढते. बेताच्या किमतीची शिराझ वेगळ्या हेतूने बनविलेली असते. वेलीवर घड अधिक घेतलेले असतात, साल रसात थोडे दिवस राहते, पिंपाचा वास ओझरता असतो किंवा नसतोच. ती लवकर प्यावी म्हणूनच अशी केलेली असते. त्यात कमीपणा काही नाही. पण तिच्या गाठीची पुंजी थोडी असते.

म्हणून तिचे आयुष्य साधारण असे जाते. पहिल्या वर्षी ती अंमळ उग्र, पण फळाने भरलेली असते. दुसऱ्या ते चौथ्या वर्षात, नीट ठेवली असेल तर, तिचे कंगोरे झिजतात, मिरी आणि फळ एकमेकांत मिसळतात. हा तिचा बहराचा काळ. पाचव्या-सहाव्या वर्षापासून फळ ओसरू लागते, आणि त्याची जागा घेण्याइतके मागे काही नसल्याने ती पोकळ व फिकट लागते. दहाव्या वर्षी बहुधा तपकिरी पाणी आणि आंबट आठवण एवढेच हाती येते. पेचाचे झाकण असेल तर ही चाल थोडी मंदावते. दिशा बदलत नाही. आपल्याकडील द्राक्षांना आणखी एक मर्यादा आहे. ती फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात पिकतात, त्यामुळे साखर झपाट्याने वाढते आणि आम्लता तितक्याच झपाट्याने घटते. दीर्घायुष्य देणारी आम्लताच कमी, मग आयुष्य लांबणार कसे?

याउलट उदाहरण पाहायचे तर ऑस्ट्रेलियातील मॅक्स शूबर्ट यांचे पाहावे. युरोपात जुन्या वाईन चाखून आल्यावर त्यांनी १९५१ साली किमान वीस वर्षे टिकेल अशी शिराझ बनविण्याचा प्रयोग सुरू केला. तिला ‘ग्रेंज’ म्हणतात. पहिली काही वर्षे ज्यांनी ती चाखली त्यांनी नाके मुरडली आणि १९५७ मध्ये कंपनीने प्रयोग थांबविण्याचा हुकूम दिला. शूबर्टनी तीन हंगाम गुपचूप काम चालू ठेवले. तोवर आधीच्या बाटल्या वयात आल्या, त्यांची चव बदलली, आणि १९६० साली त्याच मालकांनी काम पुन्हा सुरू करण्यास सांगितले. येथे काळाने शूबर्टची बाजू मांडली. पण काळाजवळ मांडण्यासारखे काही होते, कारण ते पहिल्या दिवशीच बाटलीत भरलेले होते.

दौलताबादचे तळघर

‘आमच्याकडे थंड तळघर नाही, नाहीतर ठेवली असती वीस वर्षे,’ असे कोणी म्हणेल. या म्हणण्याची परीक्षा घ्यायला दौलताबादसारखी जागा नाही. किल्ल्याच्या पोटात कातळात कोरलेला वळणावळणाचा अंधारी नावाचा मार्ग आहे. शत्रूला चकविण्यासाठी तो केलेला. मे महिन्यात बाहेर चाळीस अंशांचा वणवा पेटलेला असताना आत शिरले की जीव निवतो. वाईनला हवा असणारा अंधार तेथे आहे, शांतता आहे. मग ते उत्तम तळघर का नव्हे?

याचे कारण जमिनीच्या स्वभावात आहे. जमिनीखाली पुरेसे खोल गेले की ऋतूंचा चढउतार पोहोचत नाही. तेथे त्या गावच्या वर्षभराच्या तापमानाची जी सरासरी असते तीच बारा महिने टिकते. मध्य फ्रान्समध्ये ही सरासरी दहा-बारा अंशांची आहे, म्हणून तेथील मठांची तळघरे आयतीच थंड असतात. आपल्या पठारावर ती पंचवीस अंशांच्या आसपास येते. म्हणजे दौलताबादच्या पोटात स्थिरता मिळेल, थंडावा मिळणार नाही. बाहेरच्या चाळीस अंशांशी तुलना केल्यामुळे आपल्याला गार वाटते इतकेच. वाईन दीर्घकाळ ठेवण्यास बारा ते पंधरा अंश योग्य मानतात. पंचविसाला बदलांची गती बरीच वाढते, आणि ज्या बदलांनी चव खुलते त्यांच्यापेक्षा ज्यांनी ती उतरते तेच पुढे धावतात. म्हणूनच नाशिकच्या कारखान्यांना गारव्यासाठी यंत्रांवर विसंबावे लागते.

आपल्या घरांत तर बाटली बहुधा स्वयंपाकघराच्या माळ्यावर किंवा पत्र्याखालच्या कपाटात उभी असते. एकच उन्हाळा तिला पाच वर्षांनी म्हातारी करू शकतो. कोणाकडे अशी भेट आली असेल तर सरळ नियम पाळावा: बुचाची बाटली आडवी ठेवावी म्हणजे बूच ओले राहते, उजेड आणि चुलीची धग टाळावी, घरातील सर्वांत गार कोपरा निवडावा, आणि दोन-तीन वर्षांच्या आत, सणाला, चार माणसांत ती उघडावी. मुलीच्या बाप्तिस्म्याला मिळालेली साधी शिराझ तिच्या लग्नासाठी राखून ठेवणे ही मायेची गोष्ट खरी, पण लग्नाच्या दिवशी पाहुण्यांच्या पेल्यात जे पडेल त्याने सर्वांचीच पंचाईत होईल.

वेदीवरचा द्राक्षारस

घरातील बाटली बिघडली तर थोडे पैसे वाया जातात. वेदीवरचा द्राक्षारस बिघडला तर प्रश्न वेगळाच उभा राहतो. १९८३ च्या धर्मसभा-कायद्याचा ९२४ वा नियम सांगतो की, मिस्साचा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षवेलीच्या फळाचा आणि न बिघडलेला असावा. पूर्ण शिरका झालेला रस हा द्राक्षारस उरत नाही. त्याने मिस्साबली वैध होत नाही. रोमने २००४ च्या सूचनापत्रात द्राक्षारस नीट जतन करण्याविषयी पुन्हा बजावले आणि २०१७ साली जगातील सर्व बिशपांना पत्र लिहून भाकर व द्राक्षारस यांच्या शुद्धतेवर देखरेख ठेवण्याची आठवण दिली.

ज्या काळी वीज नव्हती, शीतकपाटे नव्हती, त्या काळी बैलगाडीतून खेडोपाडी फिरणाऱ्या मिशनऱ्यांना ही चिंता किती असेल याची कल्पना आज येणे कठीण. यावर उपाय म्हणून ख्रिस्तसभेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक सवलत दिली. द्राक्षारस टिकावा म्हणून त्यात द्राक्षापासूनच काढलेला मद्यार्क मिसळता येतो. मात्र एकूण प्रमाण अठरा टक्क्यांवर जाऊ नये. अशा कणखर रसाला उष्णता सोसते. मदेरा बेटावरील व्यापाऱ्यांना ही गोष्ट आधीच ठाऊक होती. तेथील मद्यार्कमिश्रित वाईनची पिंपे जहाजाच्या तळाशी घालून हिंदुस्थानपर्यंत नेत आणि तशीच परत आणीत. विषुववृत्ताचे ऊन खाऊन आलेल्या त्या पिंपांना अधिक भाव येई. उष्णतेने साधी वाईन मरते, ही तरते. फरक आत काय घातले आहे याचा.

आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला तेव्हाही धार्मिक विधींसाठीच्या द्राक्षारसाला त्यात वाट ठेवलेली होती. समाजाने आपल्यावर टाकलेला तो विश्वास आहे. म्हणून आमच्या सहकारी धर्मगुरूंना आणि वेदीची व्यवस्था पाहणाऱ्या भगिनींना आमची विनंती आहे: मोठी बाटली महिनोन्‌महिने उघडी ठेवू नये, उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवावी, आणि वास किंवा चव बदलली असे वाटताच नि:संकोच नवी घ्यावी. येथे काटकसर हा सद्गुण नव्हे.

काळ काय करतो?

हा लेख वाचून कोणी वाईनची आवड लावून घ्यावी, असा आमचा हेतू मुळीच नाही. नोहाने मळा लावला आणि त्याच मळ्याने त्याची शोभा झाली, ही हकिकत बायबलने लपविलेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा राज्यभर वाद झाला. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंत शेतकऱ्यांचे हितचिंतक होते. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या घरात दारूने संसार मोडला आहे तेथे वाईनला दारू म्हणायचे की नाही, हा शब्दांचा खेळ ठरतो. आमच्या धर्मग्रामांत अशी घरे आहेत. त्यांच्या उंबऱ्यावर कोणतीही बाटली भेट म्हणून नेऊ नये. तेथे न पिणे हेच प्रेम.

मात्र वेलीच्या या इतिहासातून एक गोष्ट हाती लागते आणि ती आपल्या समाजालाही लागू पडते. काळ कोणालाही आपोआप चांगले करीत नाही. तो आत असलेले बाहेर काढतो. घोगरगावच्या पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांना आता सव्वाशे वर्षे होऊन गेली. ‘आम्ही जुने ख्रिस्ती’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण केवळ जुनेपणाने श्रद्धा मुरत नाही. त्या पहिल्या पिढीने उपासमारीत, उपहासात जी प्रार्थना केली, मुलांना जे शिकविले, ती त्यांनी भरून ठेवलेली पुंजी होती. तिच्यावर आपण आजवर टिकलो. आपण आपल्या मुलांत काय भरीत आहोत, ते पन्नास वर्षांनी कळेल. तेव्हा त्यात सुधारणा करण्याची सोय राहणार नाही.

आणि साध्या शिराझचीही एक शिकवण आहे. प्रत्येकाला वीस वर्षे थांबण्याचे वरदान नसते. बहुतेक माणसे, बहुतेक देणग्या त्या त्या वेळी उपयोगी पडण्यासाठी असतात. गालिलातील काना गावी यजमानाचा द्राक्षारस संपला तेव्हा प्रभू येशूने रांजणांतील पाण्यापासून जो उत्तम द्राक्षारस केला, तो तळघरात ठेवण्यासाठी नव्हता. तो त्याच संध्याकाळी, त्याच गरीब घरच्या पंगतीत वाढला गेला. आपल्या कपाटात ठेवलेले जे काही चांगले आहे, मग ती बाटली असो, क्षमेचा शब्द असो की म्हाताऱ्या आईवडिलांना द्यायचा वेळ असो, त्याचा हंगाम टळण्यापूर्वी ते उघडावे.